संगणकाला द्रव्य कोणते सांगायचे? : जैवमाहितीशास्त्राच्या कार्यशाळा आणि वैद्यवर्ग

विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि औषधनिर्माणशास्त्र या विभागांत अध्यापक व संशोधक विद्यार्थ्यांसाठी ज्या अल्प मुदतीच्या कार्यशाळा भरतात, त्यांत बायोइन्फर्मॅटिक्स अर्थात जैवमाहितीशास्त्र हा विषय आता चांगलाच रुळला आहे. तीन ते पाच दिवसांच्या या वर्गांत सरावासाठी जी उदाहरणे घेतली जातात, ती पुष्कळदा आपल्याच भांडारातील असतात. अश्वगंधा, गुडूची, हरिद्रा, त्रिफळा ही नावे तेथे दिवसभर संगणकाच्या पडद्यावर वावरत असतात. या द्रव्यांशी ज्याचा नित्याचा व्यवहार आहे, तो वैद्य मात्र त्या खोलीत क्वचितच आढळतो.

वैद्य तेथे जात नसला, तरी तेथून निघालेले निष्कर्ष त्याच्या दारापर्यंत येतातच. अमुक वनस्पतीतील तमुक घटक कर्करोगाशी संबंधित प्रथिनाला घट्ट चिकटतो, असे वाक्य औषधाच्या माहितीपत्रकात झळकते. रुग्ण तेच वाक्य कोठेतरी वाचून चिकित्सालयात येतो आणि आपली चालू औषधे थांबवू काय, असे विचारतो. फार्मसीच्या मालकांपुढे ‘आपल्या योगाचा संगणकीय अहवाल तयार करून देतो’ असे प्रस्ताव ठेवले जातात. या अहवालाचे मोल पैशाच्या आणि विश्वासाच्या, अशा दोन्ही अर्थांनी किती मानायचे, हे ठरविण्यासाठी त्या वर्गांत नेमके काय शिकवितात, त्या शिक्षणाची शक्ती कोठे आहे आणि मर्यादा कोठे आहे, याची जाण आपल्याला असली पाहिजे. तेवढ्याच हेतूने हा ऊहापोह केला आहे.

या शास्त्राचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे उभारण्यास १९८६-८७ च्या सुमारास आरंभ केला, तेव्हा पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये असे केंद्र स्थापन झाले. त्या काळी मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा प्रकल्पही सुरू झालेला नव्हता. प्राण्यांना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या माहितीची जुळवाजुळव या केंद्राने केली. त्याची धुरा वाहणारे डॉ. अशोक कोळसकर पुढे २००१ ते २००६ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९८८ मध्ये पुण्यातच प्रारंभ झालेल्या सी-डॅक या संस्थेने परम मालिकेतील महासंगणक घडविले आणि जीवशास्त्रीय गणनाकार्यातही लक्ष घातले. वैद्यांची प्रकृतिपरीक्षा संगणकावर आणणारी ‘आयुसॉफ्ट’ ही प्रणाली याच संस्थेची. म्हणजे हा विषय आपल्या अंगणात गेली चार दशके आहे. आपण तो पाहिला नाही, इतकेच.

पाठभेदांचे गणित

कार्यशाळेचा पहिला दिवस बहुधा माहितीसंग्रहांच्या ओळखीत जातो. वनस्पती, प्राणी, जंतू यांच्या डीएनएचे जे क्रम जगभरच्या प्रयोगशाळांत वाचले गेले, ते ‘जेनबँक’ या अमेरिकेतील संग्रहात १९८२ पासून साठविले जात आहेत. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा ‘प्रोटीन डेटा बँक’ हा संग्रह १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाला. २०२३ मध्ये त्याने २ लाखांचा टप्पा ओलांडला. हे दोन्ही संग्रह कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यासाठी विद्यापीठाची ओळख लागत नाही की शुल्क लागत नाही. घरच्या संगणकावरून एखादा वैद्यही ते उघडू शकतो.

त्यानंतर क्रम जुळविण्याचे प्रशिक्षण येते. आपल्या हाती आलेल्या वनस्पतीच्या डीएनएचा काहीशे अक्षरांचा एक तुकडा वाचला, तर तो कोणत्या ज्ञात वनस्पतीशी जुळतो हे संग्रहात शोधायचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ब्लास्ट’ ही पद्धत हे काम करते आणि तिच्यावाचून आज एकही कार्यशाळा पार पडत नाही.

यामागील कल्पना आपल्याला मुळीच परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेण्यात आले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पारखण्यात आली. एका लेखनिकाने केलेली चूक त्याच्या प्रतीवरून उतरविलेल्या सर्व प्रतींत उतरते. म्हणून दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक अपपाठ आढळला, तर त्या एकाच मूळ पोथीच्या लेकी असाव्यात, असे अनुमान निघते. अशा अपपाठांच्या आधारे पोथ्यांची वंशावळ मांडता येते. डीएनएच्या चार अक्षरांत पिढ्यानुपिढ्या होत गेलेले बदल म्हणजे असेच अपपाठ होत. ते मोजून वनस्पतींची वंशावळ मांडणे हा कार्यशाळेतील पुढचा धडा असतो. संहितेच्या एकाच श्लोकाचे तीन पाठ समोर ठेवून ज्याने विचार केला आहे, त्या वैद्याला हा धडा जीवशास्त्राच्या नवख्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमजेल, असे मला वाटते.

कच्च्या मालाची ओळख पटविण्यात या विद्येचा थेट उपयोग आहे. वनस्पतींच्या ओळखीसाठी डीएनएचे कोणते तुकडे वाचावेत याविषयी २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर शिफारस झाली आणि आरबीसीएल व मॅटके हे दोन जनुकखंड प्रमाण मानले गेले. औषधी वनस्पतींसाठी आयटीएस-२ हा खंडही पुष्कळ वापरला जातो. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची, म्हणजे उंच सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल गळ्यात मारली जाते, हे फार्मसीवाल्यांना नवे नाही. तेथे ही परीक्षा निर्णायक ठरू शकते.

मात्र तिच्या मर्यादा प्रस्ताव घेऊन येणारे सहसा सांगत नाहीत. डीएनए उष्णतेने आणि कल्पनांच्या संस्काराने तुटतो. सालीत, पाल्यात, साध्या चूर्णात तो सापडेल. क्वाथात, घनात, आसव-अरिष्टात त्याचा भरवसा धरता येत नाही. भस्मात तर तो असण्याचा प्रश्नच नाही. तयार औषधाच्या बाटलीवर ही परीक्षा करून ‘वनस्पती आढळली नाही’ असा अहवाल कोणी दिला, तर तो अहवाल औषधाविषयी काहीच सांगत नाही. दुसरे असे की, जेनबँकेत क्रम जमा करणाऱ्याने जे नाव दिले, त्याच नावाने तो तेथे राहतो. जमा करणाऱ्याने वनस्पती चुकीची ओळखली असेल, तर पुढे तिच्याशी जुळविणारा प्रत्येक जण तीच चूक उचलतो. अपपाठाचा हाही एक प्रकारच म्हणायचा!

नाव, रूप आणि कल्पना

वनात वावरणारे गुराखी व धनगर वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, परंतु केवळ तेवढ्याने औषधीचा उपयोग कळत नाही, असा चरकाचार्यांचा अभिप्राय आहे. संगणकापुढे बसलेल्या संशोधकाची अवस्था याच्या उलट असते. उपयोगाची गणिते त्याच्यापाशी ढीगभर असतात. नाव आणि रूप येथेच त्याची गाडी अडते.

‘शंखपुष्पी’ हे एकच नाव घ्या. आयुर्वेदीय औषधिकोशात कॉन्व्होल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही वनस्पती तिच्यासाठी सांगितली आहे. केरळातील परंपरेत गोकर्णाचे मूळ वापरले जाते. विष्णुक्रांता आणि आणखी एखाद्-दुसरी वनस्पतीही याच नावाने विकली जाते. रास्नेची कथा तशीच. उत्तरेकडे प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेकडे कोळिंजन, बंगालात झाडावर वाढणारे वांदा हे ऑर्किड. मूर्वा म्हणून आपल्याकडे मोरवेल येते, तर औषधिकोशात मार्सडेनिया टेनासिसिमा आहे. नागकेशर म्हणून महाराष्ट्राच्या बाजारात सुरंगीच्या कळ्या मिळतात. शास्त्रसंमत नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या वृक्षाचे पुंकेसर. संशोधक विद्यार्थी मराठी वा संस्कृत नावावरून कोणत्यातरी यादीतील पहिले लॅटिन नाव उचलतो आणि पुढचे चार दिवस त्यावर निर्दोष गणित करतो. त्या गणिताचे उत्तर अचूक येते. ते ज्या द्रव्याचे आहे ते द्रव्य रुग्णाच्या पुडीत मात्र नसते.

लॅटिन नावेही स्थिर नाहीत. आमलकीचे एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस हे नाव आपल्या पिढीने पाठ केले. वनस्पतिशास्त्रज्ञ आज तिला फिलँथस एम्ब्लिका म्हणतात. गुग्गुळाचे कॉमिफोरा मुकुल हे नाव मागे पडून कॉमिफोरा विग्टी रूढ झाले. काही संग्रहांत दोन्ही नावांनी शोध घेतला तरच सर्व माहिती हाती येते.

यापुढचा प्रश्न अंगाचा. वनस्पतीतील घटकांची यादी करताना मूळ, साल, पान, फळ, बीज यांची सरमिसळ होणे ही फार मोठी उणीव होती. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये ‘इम्पॅट’ हा भारतीय औषधी वनस्पतींचा संग्रह सिद्ध केला, तेव्हा त्यात १,७४२ वनस्पती आणि ९,५९६ घटक होते. पुढील आवृत्तीत ही संख्या ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ घटकांपर्यंत गेली आणि कोणता घटक वनस्पतीच्या कोणत्या अंगात मिळतो हेही नोंदविले गेले. हे काम अभिनंदनीय आहे. पुस्तकांत आणि निबंधांत विखुरलेले इतके साहित्य एका जागी आणणे ही एक प्रकारे निघंटुरचनाच होय.

तथापि निघंटूत द्रव्य असते, योग नसतो. वत्सनाभाचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. संग्रहात या वनस्पतीपुढे अ‍ॅकोनिटिन व त्याच्या जातीची विषारी अल्कलॉइडे नोंदलेली सापडतात. आपण बचनाग गोमूत्रात ठेवतो किंवा दोलायंत्रात दुधामध्ये त्याचे स्वेदन करतो, तेव्हा या द्रव्यांचे जलविघटन होऊन त्यांच्यापासून पुष्कळच सौम्य अशी द्रव्ये तयार होतात. शोधनाचा हा रसायनशास्त्रीय अर्थ आता सुस्थापित आहे. म्हणजे आनंदभैरव रस किंवा मृत्युंजय रस यांचे संगणकीय विश्लेषण करताना ज्याने संग्रहातील अशोधित वत्सनाभाची यादी जशीच्या तशी घेतली, त्याने आपल्या औषधाचा विचार केलाच नाही. अरिष्टांत धायटीच्या फुलांसह संधान होते आणि क्वाथातील घटकांचे स्वरूप बदलते. स्नेहकल्पनेत स्नेहात उतरणारे तेवढेच येते. मर्दन, भावना, पुट यांच्यासाठी त्या यादीत रकानाच नाही. कार्यशाळेच्या वेळापत्रकात या विषयासाठी अर्धा दिवस ठेवावा आणि तो एखाद्या रसशास्त्र-भैषज्यकल्पनेच्या अध्यापकाने घ्यावा, ही सूचना आपल्या संघटनेने विद्यापीठांकडे आग्रहाने मांडावयास हरकत नाही.

कुलूप, किल्ली आणि अनुमान

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘डॉकिंग’ येते आणि विद्यार्थ्यांचे डोळे चमकू लागतात. शरीरातील एखाद्या प्रथिनाची रचना पडद्यावर फिरत असते, त्यातील एका खोबणीत वनस्पतीतील रेणू बसविला जातो आणि तो किती घट्ट बसला याचा एक अंक संगणक देतो. अंक जितका अधिक ऋण, तितकी पकड पक्की. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेने घडविलेली ‘ऑटोडॉक’ ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि २०१० पासून उपलब्ध असलेल्या तिच्या ‘व्हिना’ या आवृत्तीत हे काम साध्या संगणकावर काही मिनिटांत होते. ज्या प्रथिनांच्या रचना प्रयोगाने ठाऊक झालेल्या नाहीत, त्यांच्याही अनुमानित रचना २०२१ नंतर ‘अल्फाफोल्ड’मुळे उपलब्ध झाल्या, २०२२ पर्यंत त्यांची संख्या २० कोटींवर गेली आणि २०२४ मधील रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या कामाचा गौरव झाला.

साधन इतके सुलभ झाले की त्याचा अतिरेक होणारच. २०२० च्या फेब्रुवारीत करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएझ या प्रथिनाची रचना संग्रहात प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच आपल्या औषधी द्रव्यांतील घटक त्या प्रथिनात बसवून पाहणाऱ्या शोधनिबंधांची रीघ लागली. तुळशी, अश्वगंधा, गुडूची, यष्टिमधु, कोणतेही द्रव्य त्यातून सुटले नाही. त्यांपैकी बहुसंख्य काम पडद्यापुढे सरकले नाही. ना परीक्षानळीत, ना रुग्णात.

चरकाने सांगितलेल्या आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती या चतुर्विध परीक्षेत डॉकिंगची जागा कोणती? ते अनुमान आहे. आणि तेही दुरून दिसलेल्या धुरावरून अग्नी ओळखण्याइतके बळकट नव्हे. रेणू खोबणीत बसतो, यावरून तो आतड्यातून शोषला जाईल, यकृतातून सुखरूप जाईल, त्या अवयवापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचेल आणि तेथे दुसऱ्या शंभर प्रथिनांना सोडून त्यालाच धरील, यातले काहीही सिद्ध होत नाही. पुढे कोणता प्रयोग करून पाहावा, हे ठरविण्यास मात्र असे अनुमान उपयोगी पडते. हजार घटकांतून दहा निवडायचे असतील, तर प्रयोगशाळेचा वेळ आणि पैसा त्याने खरोखर वाचतो. चांगले प्रशिक्षक हे पहिल्याच तासाला सांगतात. अडचण एवढीच की शिबिरार्थी घरी जाताना अंक घेऊन जातो आणि ही सूचना मागे विसरतो.

हळदीतील कर्क्युमिनवर झाले तेवढे काम क्वचितच दुसऱ्या घटकावर झाले असेल. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात त्याचा परखड आढावा प्रसिद्ध झाला. १२० हून अधिक नैदानिक चाचण्या होऊनही दुहेरी अज्ञात पद्धतीची, प्लासिबोशी तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असे त्याच्या लेखकांनी नोंदविले. हा रेणू शरीरात फार अल्प शोषला जातो, लवकर विघटन पावतो आणि प्रयोगशाळेच्या अनेक परीक्षांत खोटा होकार देतो, ही त्यांची मीमांसा होती. आपल्यातील काहींनी हा आढावा हळदीवरील हल्ला समजला. वस्तुतः तो हळदीवर नव्हता. हळदीतून एक रेणू बाजूला काढून त्यालाच हळद समजण्यावर होता. हरिद्रा आपण घृतासह, दुधासह, योगात, लेपात देतो. त्या रूपातील तिची परीक्षा वेगळी व्हावयास हवी आणि ती व्हावी, असेच आपणही म्हटले पाहिजे.

जाळ्याचे आकर्षण

एक रेणू आणि एक प्रथिन या चौकटीचा हा तोकडेपणा आधुनिक संशोधकांनाही जाणवत होता. अँड्र्यू हॉपकिन्स यांनी २००७-०८ मध्ये ‘नेटवर्क फार्माकॉलॉजी’ ही संज्ञा पुढे आणली. अनेक घटक, त्यांची अनेक लक्ष्ये आणि त्या लक्ष्यांशी निगडित अनेक व्याधी यांचे जाळे मांडून औषधाकडे पाहण्याची ही रीत. पुण्यातील संशोधकांनी २०१५ मध्ये त्रिफळेचे असे जाळे मांडून दाखविले. अनेक द्रव्यांच्या योगाचा एकत्रित विचार करणारी ही दृष्टी आयुर्वेदाला जवळची वाटते आणि ते स्वाभाविक आहे. कार्यशाळांतही हा विषय सर्वांत लोकप्रिय ठरला आहे. फार्मसीवाल्यांना दिले जाणारे रंगीबेरंगी अहवाल बहुधा याच पद्धतीचे असतात.

येथे थोडे थांबावे. क्वर्सेटिन, केम्फेरॉल, बीटा-सिटोस्टेरॉल हे घटक असंख्य वनस्पतींत आढळतात. त्यांच्यावर जगभर इतके काम झाले आहे की त्यांची लक्ष्ये म्हणून नोंदलेली प्रथिनेही भरमसाट आहेत. परिणामी कोणत्याही योगाचे जाळे मांडले, तरी मध्यभागी हेच तीन-चार घटक आणि तीच नामांकित प्रथिने दिसू लागतात आणि योगाचा संबंध मधुमेह, कर्करोग, हृद्रोग व संधिवात या सर्वांशी एकदम जुळतो. ज्यावर फारसे संशोधन झालेले नाही असा खरोखरचा कार्यकारी घटक जाळ्याच्या कडेला उपेक्षित राहतो, अथवा जाळ्यात येतच नाही. म्हणून अहवाल घेऊन येणाऱ्या गृहस्थांना एकच गोष्ट विचारावी : हेच गणित आपण कांद्यावर केले आहे काय? कांद्यात क्वर्सेटिन भरपूर असते. कांद्याचे जाळेही तितकेच भरगच्च निघत असेल, तर आपल्या योगाविषयी त्या अहवालाने वेगळे काय सांगितले, हा प्रश्न उरतो. तुलनेसाठी असे दुसरे द्रव्य घेऊन केलेले काम आणि न घेता केलेले काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

शिवाय अशा अहवालाच्या बळावर माहितीपत्रकात वाटेल ते छापता येते, हा समज घातक आहे. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा ज्या व्याधींच्या उपचारांची जाहिरात वर्ज्य ठरवितो, त्यांत मधुमेह आणि कर्करोग यांचाही समावेश आहे आणि संगणकाचा अहवाल हाती आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही.

जेथे वैद्याचे निदान हाच आरंभ आहे

एका क्षेत्रात मात्र वैद्य नसेल तर संगणकाला कामच उरत नाही, आणि ते म्हणजे प्रकृती. पुण्यात डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रकृती आणि एचएलए जनुके यांच्या संबंधाविषयी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतील संशोधकांनी २००८ आणि २०१० मध्ये हा विचार पुढे नेला. २०१५ मध्ये डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि हैदराबादच्या सीसीएमबीसह अनेक संस्थांनी मिळून केलेल्या अभ्यासात ३,४१६ निरोगी पुरुषांची परीक्षा करण्यात आली आणि त्यांतून स्पष्ट एकदोषप्रधान अशा २६२ व्यक्ती निवडून त्यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना केली गेली. तीन प्रकृतिगटांत वेगळेपणा दाखविणारी ५२ स्थाने त्यात आढळली आणि पीजीएम-१ या जनुकाचा संबंध पित्तप्रकृतीशी जुळला.

या आकड्यांतील सर्वांत महत्त्वाचा आकडा माझ्या मते ५२ नव्हे. ३,४१६ मधून २६२ व्यक्ती निवडण्याचे काम वैद्यांनी केले. त्यांच्या निर्णयाला आयुसॉफ्टची जोड होती. पण नाडी, त्वचा, अग्नी, निद्रा, स्वभाव यांची विचारपूस माणसाने माणसापाशी बसूनच केली. ही निवड ढिसाळ झाली असती, तर पुढचे लक्षावधी स्थानांचे गणित कितीही काटेकोर असले तरी त्यातून गोंगाटच निघाला असता. एकाच व्यक्तीची प्रकृती दोन वैद्य वेगवेगळी सांगतात, ही आपल्या घरातील जुनी उणीव आहे आणि या संशोधनात ती थेट आकड्यांत उतरते. ती दूर करण्याचे काम संगणकतज्ज्ञ करू शकत नाहीत. एकाच दहा व्यक्तींची प्रकृती पाच वैद्यांनी एकमेकांस न विचारता लिहून काढावी आणि मग कागद जुळवून पाहावेत, एवढा उपक्रम तालुका शाखेच्या मासिक सभेतही होऊ शकेल. त्याला खर्च नाही. विद्यापीठाच्या कार्यशाळेत आपला वैद्य गेला आणि त्याने ही जुळणीची टक्केवारी तेथे मांडली, तर त्याचे म्हणणे मान देऊन ऐकले जाईल.

गुळवेलीचा धडा

हे सर्व विद्वत्तेचे खेळ आहेत असे कोणास वाटत असेल, तर त्यांनी गुळवेलीचे प्रकरण आठवावे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. त्यानंतर इतर शहरांतूनही अशा नोंदी आल्या. केंद्रीय आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगताना, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीशी गल्लत झाली असण्याची शक्यता मांडली. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. करोनाच्या साथीत लोक परसातली, रस्त्याकडेची, बाजारातली वेल आणून स्वतःच्या बुद्धीने काढे उकळत होते, हेही खरे. प्रत्येक रुग्णाने नेमकी कोणती वेल, किती आणि किती दिवस घेतली, हा या वादाचा गाभा. डीएनएच्या काहीशे अक्षरांच्या तुलनेने त्यातील पहिल्या भागाचे उत्तर देता येते. मात्र त्यासाठी त्या वेलीचा तुकडा शिल्लक असावा लागतो. रुग्णाच्या घरी तो बहुधा नसतो. फार्मसीत तो असला पाहिजे.

शेड्यूल टी ही उत्पादननियमावली २००० मध्ये लागू झाल्यापासून कच्च्या मालाची तपासणी व नोंद ठेवणे हे आपले कर्तव्य ठरलेले आहेच. तीत एका सवयीची भर घालावी. गुळवेल, अशोक, विडंग, दारुहळद, नागकेशर अशा गल्लतीच्या द्रव्यांची प्रत्येक खेप आली की मूठभर नमुना खेपेचा क्रमांक, तारीख आणि पुरवठादाराचे गाव लिहून कोरड्या जागी वेगळा ठेवावा. डीएनएच्या परीक्षेसाठी पुढेमागे तो पाठवायचा झाला, तर उन्हात करपलेल्या नमुन्यापेक्षा सावलीत वाळवून सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवलेला नमुना फार बरा. पुरवठादाराकडून वर्षातून एकदा तरी त्याच वेलीची पानाफुलांसह वाळवलेली फांदी मागवून जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांकडून ओळखून घ्यावी. नुसत्या कांडाच्या चकत्यांवरून त्यांनाही नाव सांगणे अवघड जाते, आणि चूर्ण झाल्यावर तर सूक्ष्मदर्शक, रासायनिक परीक्षा व डीएनए यांखेरीज आधार उरत नाही.